चढाला मारुती ८०० गरम होते? आधी पाणी बघा, मग काटा

जुन्या, स्वस्तात घेतलेल्या गाड्या काढून लांबच्या रॅलीला निघणाऱ्या हौशी मंडळींकडून मला सगळ्यात जास्त वेळा येणारा फोन हा: "गाडी गरम झाली, पाणी फेकते, आता काय करू?" गाडी बहुतेक वेळा मारुती ८०० असते आणि फोन चढावरून आलेला असतो. मी धंद्यानं मेकॅनिक नाही. आमच्या कोल्हापूरच्या गटातल्या गाड्या निघण्याआधी तपासणं आणि रस्त्यात बिघडल्या की त्यांच्याखाली शिरणं, हे काम माझ्याकडे आलं आणि राहिलं. तोच बिघाड इतक्यांदा काढलाय की आता तपासण्याचा क्रम ठरून गेलाय. तो इथे लिहितो.

इथं रॅली म्हणजे शर्यत समजू नका. २००४ साली युरोपातून सुरू झालेल्या मंगोल रॅलीनं जो प्रकार लोकप्रिय केला, तो: छोटं इंजिन, जुनी गाडी, सोबत मदतीची गाडी नाही, बिघडली तर स्वतः बघायचं. आपल्याकडे त्याला ८०० इतकी साजेशी गाडी दुसरी नाही. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, गावोगावी मिळणारे पार्ट. पण उत्पादन २०१४ च्या जानेवारीत थांबलं, त्यामुळे तुम्हाला मिळेल ती गाडी म्हातारीच असणार आणि तिचं रेडिएटर कुणी कधी उघडून बघितलंय याची खात्री नाही. खाली लिहिलेलं बहुतेक सगळं ओम्नीलाही लागू आहे. इंजिन तेच, फक्त सीटखाली.

लक्षणं

गाडी "गरम होते" एवढ्यावर काही कळत नाही. कधी होते आणि कशी होते ते आधी नीट बघा. अर्धं निदान तिथंच होतं.

चालत असताना तापमानाचा काटा मधे, टोलनाक्यावर किंवा ट्रॅफिकमध्ये थांबलात की वर: फॅनचं काहीतरी आहे.

सपाटीला ठीक, लांब चढाला हळूहळू वर, उतार लागला की पुन्हा खाली: पाणी कमी आहे, रेडिएटर चोक आहे, बेल्ट घसरतोय किंवा रेडिएटरला हवाच मिळत नाही.

दोन-तीन मिनिटांत काटा एकदम एचला (गरमच्या खुणेला) टेकला: बेल्ट तुटला, होज (पाण्याचा रबरी पाइप) फुटला किंवा थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर उघडून पाणी रेडिएटरकडे सोडणारा व्हॉल्व्ह) बंद अवस्थेत अडकला. त्याच वेळी डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागला असेल तर बेल्टच. अल्टरनेटर आणि वॉटर पंप एकाच पट्ट्यावर फिरतात.

काटा फार वर नाही, पण गाडी बंद केल्यावर बाजूची प्लास्टिकची बाटली गुडगुडते, उतू जाते. सकाळी बघावं तर बाटली भरलेली आणि रेडिएटर मात्र अर्धा रिकामा: रेडिएटर कॅप. हे लक्षण लक्षात ठेवा, पुढे यावर बरंच लिहिलंय.

काटा वर, पण हिटर लावला तर थंड हवा येते: हिटरपर्यंत पाणी पोचत नाही. पाणी तरी कमी आहे, नाहीतर आत हवा अडकली आहे.

थंड इंजिन चालू केल्यावर लगेच रेडिएटरमध्ये बुडबुडे, वरचा होज दगडासारखा कडक, सायलेन्सरमधून न थांबणारा पांढरा धूर, ऑइल दुधाळ: हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनचा वरचा भाग (हेड) आणि खालचा ब्लॉक यांच्यामधली पॅकिंग. यातलं एकही पक्कं दिसलं तर मधलं सगळं सोडून शेवटचा भाग वाचा.

आणि एक फसवं लक्षण. काटा मधेच आहे, पण गाडी चढाला झटके देऊन बंद पडते आणि अर्ध्या तासानं आपोआप सुरू होते. हे गरम होणं वेगळं. कार्ब्युरेटरच्या गाडीत पेट्रोलची पाइपातच वाफ होते. इंजिनजवळच्या फ्यूएल पंपावर ओलं फडकं टाका, थांबा. कूलिंगच्या मागे लागू नका.

गरम झाली त्या क्षणी

एसी असेल तर बंद. हिटर आणि त्याचा ब्लोअर पूर्ण चालू. उन्हाळ्यात जीव जातो, पण हिटर म्हणजे दुसरं छोटं रेडिएटरच असतं. टॉपवर रडत चढत असाल तर खालचा गिअर टाका, म्हणजे पंप जोरात फिरेल. काटा तरीही वर जात राहिला तर सुरक्षित जागा बघून थांबा. पाणी शाबूत असेल आणि फॅन फिरत असेल तर मिनिट-दोन मिनिटं इंजिन स्लोला चालू द्या, मग बंद करा. बेल्ट तुटलाय किंवा पाणी रस्त्यावर सांडलंय असं दिसलं तर मात्र इंजिन त्याच सेकंदाला बंद.

मग बॉनेट उघडा आणि पाऊण तास काहीही करू नका. कॅपला हात लावू नका. इंजिनवर बाटलीनं गार पाणी ओतू नका. हेड अॅल्युमिनियमचं आहे, अचानक गार झालं तर वाकतं किंवा तडकतं. वरचा होज हातात धरवतो आणि दाबल्यावर मऊ लागतो, तेव्हाच कॅपवर जाड फडकं टाकून आधी पहिल्या खाचेपर्यंत फिरवा, वाफ जाऊ द्या आणि मग काढा. भाजलेले हात, चेहरे मी पाहिलेत. घाई करणारा माणूस बहुतेक मागच्या गाडीतला "अनुभवी" असतो.

१. पाणी. खर्च शून्य.

पाणी रेडिएटरमध्ये बघायचं, बाटलीत नाही. बाटली फक्त बाहेर आलेलं पाणी साठवते. ती भरलेली दिसली म्हणजे सिस्टिम भरलेली आहे असं होत नाही. रॅलीत रोज सकाळी, इंजिन गार असताना, प्रत्येक गाडीची कॅप उघडून पाणी गळ्यापर्यंत आहे का ते बघायचं, हा आमचा नियम आहे. चहाच्या आधी.

कमी असेल तर गेलं कुठं ते शोधा. रात्री इंजिनखाली पुठ्ठा सरकवून ठेवा, डाग कुठं पडतो यावरून गळतीची जागा कळते. क्लिपा आवळा. होजच्या टोकाला हिरवट-पांढरी पूड जमलेली दिसली तर तिथून थेंब थेंब जातंय. गाडीतल्या पायपुसण्याखाली ओल आणि गोडसर वास असेल तर हिटरची कॉइल गळते.

भरून झाल्यावर आतली हवा काढा. गाडी थोड्या चढावर, तोंड वर करून उभी करा, कॅप काढलेली, हिटर गरमवर. इंजिन चालू करून वरचा होज हातानं दाबत राहा. बुडबुडे येऊन पाणी खाली बसेल, पुन्हा भरा. फॅन एकदा लागून बंद झाला आणि पातळी स्थिर राहिली की कॅप लावा. निम्म्या लोकांचा त्रास एवढ्यावरच संपतो.

२. रेडिएटरच्या तोंडापुढचं सामान. खर्च शून्य.

यावर रॅलीवाल्यांचा विश्वास बसत नाही. जाळीपुढे चार फॉग लॅम्प, त्यावर गटाच्या नावाचं फ्लेक्स, त्यावर झेंडा. ८०० ची जाळी मुळात तळहाताएवढी. सगळं काढा. फ्लेक्स मागच्या काचेवर लावा, फोटोत तिथंही येतं.

रेडिएटरच्या फिन्समध्ये (पातळ पत्र्यांच्या फटींत) चिखल, किडे, उसाच्या पाचटाचा भुगा बसलेला असतो. आतून बाहेर, म्हणजे इंजिनच्या बाजूनं जाळीकडे, हलक्या धारेनं पाणी मारा. सर्व्हिसिंग सेंटरची प्रेशर गन जवळून मारू नका, फिन्स झोपतात आणि मग हवा कायमचीच बंद.

३. रेडिएटर कॅप. गाडीतल्या सगळ्यात स्वस्त पार्टांपैकी एक.

इथं जरा थांबतो, कारण लडाख-स्पितीच्या वाटेवर पाणी फेकणाऱ्या गाड्यांपैकी बऱ्याच गाड्यांचा दोष नुसत्या कॅपचा निघतो आणि गॅरेजवाले मात्र थेट रेडिएटर उतरवतात.

कॅप हे काही नुसतं झाकण नाही. ती कुकरच्या शिट्टीचं काम करते: आत दाब धरून ठेवते, म्हणून पाणी उशिरा उकळतं. ८०० च्या कॅपवर साधारण ०.९ असा आकडा असतो, म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा चौरस सेंटिमीटरला ०.९ किलो जास्त दाब. कोल्हापुरात उघड्यावर पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. चांगल्या कॅपखाली तेच सुमारे ११८ अंशांपर्यंत तग धरतं. कॅपचं रबर गेलेलं असेल तरी इथं फारसं जाणवत नाही, कारण इंजिन नव्वदीच्या आसपास चालतं आणि ९८ अजून लांब आहे. म्हणून घरून निघताना गाडी निरोगी वाटते.

आता तीच गाडी मनाली-लेह रस्त्यावरच्या तांगलांग ला खिंडीत नेऊ. उंची ५,३२८ मीटर. तिथं हवेचा दाब निम्म्याच्या जवळ आलेला असतो आणि उघड्यावर साधं पाणी ८३ अंशांच्या आसपास उकळतं. थर्मोस्टॅट उघडायला सुरुवात होते ८२ ला. फॅनचा स्विच लागतो नव्वदीच्या पुढे. म्हणजे कॅप दाब धरत नसेल तर थर्मोस्टॅट पूर्ण उघडण्याआधी पाणी उकळायला लागतं, फॅन लागतच नाही, आणि डॅशबोर्डवरचा काटा मधेच बसलेला असतो. ड्रायव्हर म्हणतो, गाडी गरम नाहीये. आणि खालून पाणी वाफ होऊन जातंय. पुरेसं गेलं की सेन्सर कोरडा पडतो, मग काटा उलट खालीही येतो. काट्यावर विसंबून इंजिन घालवलेले लोक मला या रस्त्यावर भेटलेत. नवी कॅप लावली की त्याच खिंडीत पाणी ११० पर्यंत दम धरतं. फरक एवढाच आणि एवढा.

तपासायचं कसं? रबर बघा: चीर, कडकपणा, कायमची उमटलेली खाच. मधली छोटी पितळी चकती नखानं ओढून सोडा, ती लगेच परत बसली पाहिजे. हा उलट्या बाजूचा व्हॉल्व्ह. इंजिन गार होताना बाटलीतलं पाणी यातूनच रेडिएटरमध्ये परत ओढलं जातं. तो अडकला किंवा बाटलीकडे जाणारा बारीक पाइप चिरलेला असला की बाटली भरलेली, रेडिएटर रिकामा. रेडिएटरच्या गळ्याची कडाही बोटानं चाचपा. ती चेपलेली असेल तर नवी कॅपही बसणार नाही. शंका असेल तर तपासत बसू नका. नवी घ्या, एक जास्तीची डिकीत टाका.

जास्त दाबाची कॅप लावण्याचा शहाणपणा कुणी शिकवेल. करू नका. वीस वर्षांचं रेडिएटर आणि होज त्या दाबासाठी केलेले नाहीत, पुढचा सांधा फुटेल.

४. पाण्यात काय आहे?

नुसतं पाणी घालून हिमालयात जाऊ नका. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं असेल तर उकळण्याचा बिंदू आणखी सात-आठ अंश वर जातो आणि गोठण्याचा बिंदू उणे पस्तीसच्या खाली. त्याच रस्त्यावरच्या सरचूला सप्टेंबरमधेही रात्री पाणी गोठू शकतं, आणि गोठलेलं पाणी ब्लॉक फोडतं. डब्यावर वाचा: "रेडी टू यूज" असेल तर त्यात पाणी मिसळायचं नाही. अडचणीत ओढ्याचं पाणी घातलंत तर चालतं, पण तितकं कूलंट पातळ झालं हे लक्षात ठेवा आणि गॅरेज भेटलं की बदला.

बोअरचं पाणी मात्र शक्यतो नको. सोलापूर, लातूर, मराठवाड्यातल्या बऱ्याच जुन्या गाड्यांची रेडिएटरं आतून क्षारांनी बुजलेली असतात, ती याच पाण्यानं.

५. फॅन.

गाडी जागेवर चालू ठेवा. काटा मध्याच्या थोडा वर गेला की फॅन लागला पाहिजे, थोड्या वेळानं बंद व्हायला पाहिजे. लागला नाही तर आधी फ्यूज, मग रिले. शेजारचा तसाच रिले काढून इथं लावून बघा. तरी नाही? कार्ब्युरेटरच्या गाडीत फॅन स्विचचा कनेक्टर काढा, इग्निशन चालू ठेवून त्यातली दोन टोकं वायरच्या तुकड्यानं जोडा. फॅन फिरला तर स्विच गेलाय, नाही फिरला तर मोटर किंवा वायरिंग. एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरनं पेट्रोल सोडणाऱ्या) गाडीत हा उद्योग करू नका. तिथं फॅनचा हुकूम कॉम्प्युटर देत असेल तर चुकीचं टोक जोडून तो जाळाल.

फिरतोय ना, मग झालं, असंही समजू नका. मोटर बदलताना वायरी उलट जोडल्या तर फॅन उलटा फिरतो आणि गाडीच्या वेगानं आत येणाऱ्या हवेला बाहेर ढकलतो. जाळीपुढे कागद धरा. तो रेडिएटरला चिकटला पाहिजे. उडाला तर वायरींची अदलाबदल करा.

आम्ही लांब जाणाऱ्या गाड्यांना डॅशबोर्डखाली फॅनचं वेगळं बटण लावतो, रिलेतून. चढ सुरू होण्याआधीच फॅन चालू करता येतो. उंचावर, जिथं स्विच वेळेवर लागेल याचा भरवसा नाही, तिथं याची किंमत कळते. काम वायरमनकडून करून घ्या. उघडी वायर पेट्रोलच्या पाइपाशेजारून नेलेली मी पाहिली आहे आणि ते बघणंही नको वाटतं.

६. बेल्ट आणि होज.

इंजिन बंद असताना बेल्ट दोन पुलींच्या मधे अंगठ्यानं दाबा. साधारण एक सेंटिमीटर दबला पाहिजे. आतली बाजू काचेसारखी चमकत असेल तर तो चढाला घसरतोय, कितीही ताणा. नवा टाका, जुना चालू अवस्थेतला सोबत ठेवा.

होज पिळून बघा. मऊ, फुगलेला किंवा करकरणारा नको. खालचा होज खास बघा: गाडी रेझ केल्यावर तो आत ओढला जाऊन चपटा होत असेल तर आतली स्प्रिंग गेली आहे आणि नेमकं चढालाच, जास्त फिरण्यावर, पाणी अडतं. जागेवर उभ्या गाडीत हे कधीच दिसत नाही.

रस्त्यात होज फुटला तर सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळा, दोन्ही बाजूंना क्लिपा. रेडिएटरला सुईएवढं भोक असेल तर तो पूर्ण कोरडा करून एम-सील. हळद टाकण्याचा उपाय ढाब्यावर कुणीतरी सांगेलच. बारीक गळती खरंच थांबते, पण तीच हळद हिटरच्या बारीक नळ्याही बंद करते. पुढच्या गावापर्यंत पोचायचा उपाय म्हणून ठीक, नंतर सगळं फ्लश करा. असा जोडलेला होज घेऊन जाताना काही जण कॅप अर्धवट सैल ठेवतात, दाब नको म्हणून. मैदानात चालून जातं. बारालाचा खिंडीच्या वाटेवर ते चालत नाही. का, ते वर लिहिलंय.

७. थर्मोस्टॅट.

काढा, हाउसिंगवरची जुनी पॅकिंग खरवडून नवी आणून ठेवा. थर्मोस्टॅट दोऱ्याला बांधून पातेल्यात सोडा, पाणी तापवा. उकळी फुटण्याच्या बरंच आधी तो उघडायला लागला पाहिजे, आणि गार झाल्यावर पूर्ण मिटला पाहिजे. ही चाचणी घरीच करा. लेहमध्ये, ३,५०० मीटरवर, पातेल्यातलं पाणी ८८ अंशांलाच उकळतं, त्यामुळे चांगला थर्मोस्टॅटही अर्धवट उघडलेला दिसतो आणि तुम्ही त्याला उगाच बाद ठरवता.

"काढूनच टाका, आपल्याकडे काय गरज?" हे वाक्य प्रत्येक गावात ऐकायला मिळतं. मला ते पटत नाही. थर्मोस्टॅट काढल्यावर गरम होणं थांबलं, तर बहुतेक वेळा रेडिएटर अर्धा बुजलेला असतो आणि तुम्ही फक्त तो झाकलेला असतो. शिवाय गाडी सतत थंड चालते, पेट्रोल जास्त खाते, इंजिन झिजतं आणि पहाटे मनालीपलीकडच्या केलाँगला हिटर नाही. रस्त्यात अडकला तर काढून पुढच्या शहरापर्यंत जा. तिथं नवा बसवा.

८. इंजिनवरचा भार.

हे कूलिंगमध्ये मोडत नाही, म्हणून कुणी बघत नाही. थांबल्यावर चारही चाकांजवळ हात न्या. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा खूप तापलं असेल तर ब्रेक चिकटतोय. क्लच घसरत असेल, इग्निशनचं टायमिंग मागे असेल, तरीही इंजिन तापतं. आणि उंचीचा हिशेब वेगळाच. दर हजार मीटरला साधारण दहा टक्के ताकद कमी होते. सुमारे ३७ अश्वशक्तीच्या गाडीत पाच हजार मीटरवर बाविसेक उरतात, तेही विरळ हवेत, जी रेडिएटरलाही कमी गार करते. चार माणसं आणि कॅरिअरभर सामान घेऊन मनाली-लेह रस्त्यावरच्या गाटा लूप्सची एकवीस वळणं चढायची नसतात. दोघं एका गाडीत, सामान आत.

९. रेडिएटर उतरवणं. इथून पुढे गॅरेज.

वरचं सगळं ठीक असून चढाला काटा चढतोच, तर रेडिएटर आतून बुजलंय. इंजिन गरम झाल्यावर बंद करा, फॅनचा कनेक्टर काढा आणि मग हाताचा मागचा भाग रेडिएटरच्या पृष्ठभागाजवळून फिरवा. मधेच गार पट्टे लागले तर तिथून पाणी जात नाही. तांब्या-पितळेचं जुनं रेडिएटर असेल तर रॉडिंग (नळ्यांतून सळई घालून सफाई) करून मिळतं. अॅल्युमिनियमचं, प्लास्टिकच्या टाकीचं असेल तर रॉडिंगचा नाद सोडा, नवं घ्या.

वॉटर पंपाच्या खालच्या बारीक भोकातून पाण्याचा ओघळ, पुलीला खेळ, किंवा घरघर आवाज: पंप गेला. तो बदलणं रस्त्याकडेचं काम नाही, टायमिंग बेल्टच्या आसपास हात घालावा लागतो आणि एक दात चुकला तर दुसरंच प्रकरण सुरू होतं.

दुरुस्तीनंतर परीक्षा घ्या. आम्ही दुपारी कोकणात उतरतो आणि करूळ घाटानं गगनबावड्याला वर येतो, गाडी भरलेली, दुसऱ्या गिअरवर. वर आल्यावर काटा मधे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी गळ्यापर्यंत असेल तरच गाडी उत्तरेला जाते. पुण्या-मुंबईकरांनी ताम्हिणी, कसारा, जो जवळ असेल तो घाट घ्यावा. एक्स्प्रेसवेवर शंभरनं पळवून बघणं ही परीक्षा होत नाही.

थांबायचं कधी

पुढीलपैकी काहीही दिसलं तर पाना खाली ठेवा आणि गाडी चालवू नका, पुढच्या गावापर्यंतही नाही.

रात्रभर गार झालेल्या इंजिनाची कॅप काढून स्टार्ट केल्यावर पहिल्या मिनिटापासून एकसारखे बुडबुडे येतात, हवा काढून झाल्यावरही. डिपस्टिकवर किंवा ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ थर आहे. (फक्त झाकणाखाली पातळसा थर असेल तर तो थंडीतल्या ओलाव्याचाही असतो, डिपस्टिक बघून ठरवा.) तीन स्पार्क प्लग काढल्यावर एकच चकचकीत धुतलेला निघतो. बाहेर कुठंही गळत नाही, तरी रोज पाणी कमी होतं. हे सगळं हेड गॅस्केट किंवा वाकलेल्या हेडचं आहे. गॅस्केट फुटलेलं असताना चालवलेला प्रत्येक किलोमीटर हेड आणखी वाकवतो, आणि सिलिंडरमध्ये पाणी साचलं तर स्टार्टर मारल्यावर कनेक्टिंग रॉड वाकते. नुसतं गॅस्केट बदलून देतो म्हणणाऱ्याकडे जाऊ नका. हेड मशीन शॉपमध्ये सपाट आहे का तपासून, लागलं तर फेसिंग करून (घासून सपाट करून), मगच बसवायचं. कोल्हापुरात उद्यमनगरात हे रोजचं काम आहे. मोठ्या शहरात कुठेही होतं.

ऑइलचा दिवा लागला, किंवा गरम झाल्यानंतर इंजिन जड फिरतंय, आतून ठोके येतात, तर पुन्हा स्टार्ट करून बघण्याचाही मोह नको.

मनालीहून निघणाऱ्यांसाठी आमची स्वतःची रेघ आहे. मनालीपर्यंतच्या चढात एका दिवसात लिटरभर पाणी लागलं आणि कारण सापडलं नाही, तर गाडी अटल बोगद्याच्या पलीकडे जात नाही. मनालीत, फार तर केलाँगला, गॅरेज आहे. त्यानंतर सरचू, पांग या पट्ट्यात तंबू आणि मॅगी मिळते, रेडिएटरवाला मिळत नाही. आणि गाडीच्या नादात चार-साडेचार हजार मीटरवर अचानक मुक्काम पडला, तर विरळ हवेचा त्रास माणसांना होतो. डोकं फुटायला लागलं, उलट्या, तोल जाणं असं काही दिसलं तर गाडी तिथंच सोडून माणसाला मिळेल त्या वाहनानं खाली न्या.

टो करायची वेळ आली तर फ्लॅटबेड बोलवा. नसेल तर पुढची चाकं उचलून ओढा. ८०० पुढच्या चाकांवर चालते. दोरीनं घाटात ओढू नका. इंजिन बंद असताना व्हॅक्यूमची मदत संपते, ब्रेक दगडासारखा लागतो, आणि तापलेल्या गाडीचा ड्रायव्हर तोवर तसाही दमलेला असतो. टोवाल्याला निघण्याआधीच सांगा की इंजिन गरम होऊन बंद केलंय, वाटेत "बघू तरी" म्हणून कुणी किल्ली फिरवायची नाही. किल्ली स्वतःच्या खिशात ठेवलीत तर उत्तम.